सात वाट्यांचा हबीबभाई

दोन हजार बावीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, मागून कोणी हुडकून काढायले नको. पण एकतीस वर्षं कापसाच्या गोदामावर चौकीदारी केली आणि एक दिवसही कुलूप उघडं राहिलं नाही, हेही त्याच्याच बाजूले लिहून ठेवतो.

हबीबभाई आता नाही. त्याचं दुकान वणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. एका बाजूले सायकलचा पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूले बी-बियाण्याचं दुकान, आणि मधात हा. समोरून कोळशाचे ट्रक जात, म्हणून दारावर गोणपाटाचा पडदा बांधलेला आणि त्याच्यावर घंट्या-घंट्याले पाणी मारणं चाले. आधी तो रेडिओ दुरुस्त करे, मग टेप, मग टीव्ही, मग मोबाइल, मग लॅपटॉप. "मशीन बदलल्या काकाजी, लोक तेच हायेत," असं तो म्हणे. याचा अर्थ मले तवा समजला नाही. आजही पुरा समजला असं नाही.

त्याच्या टेबलावर मसाल्याचा गोल डबा होता, घरात राहते तसाच, सात वाट्यांचा. हळद-मोहरीच्या जागी स्क्रू. एका मशीनचे स्क्रू एका वाटीत. सात वाट्या भरल्या की आठवी मशीन घेत नसे, मग समोर कोणी का असेना. एकदा माझ्यासमोर एक ट्रकमालक आला. गळ्यात सोन्याची साखळी, मागं दोन माणसं. लॅपटॉप टेबलावर आपटून म्हणे, "आज पायजे."

हबीबभाईनं डब्यात पाहिलं. "वाटी नाही."

"म्हणजे?"

"वाटी रिकामी नाही शेठ. परवा या."

"अबे, कटोरी मी आनून देतो! दहा आनून देतो!"

"कटोरी बाजारात भेटते. ध्यान कुठं भेटते?"

ट्रकमालक शिव्या देत गेला. तिसऱ्या दिवशी आला अन् गुपचूप उभा राहिला, हेही मी पाहिलं.

भिंतीवर एक घड्याळ होतं, त्याचा तासाचा काटा त्यानं काढून टाकला होता. फक्त मिनिटाचा फिरे. मी इचारलं, "हे कायचं घड्याळ?" तर म्हणे, "मशीनले किती वाजले त्याच्याशी काय मतलब? किती वेळ झाला तेवढं पायजे." मशीन तापली का हे तो हातानं पाहत नसे, गाल लावून पाहे. आई लेकराच्या कपाळाले लावते तसा. लोक हसत. तो डोळे मिटून तसाच राहे.

आणि त्याची मोठी खोड म्हणजे, काही समजलं नाही की तो मोठ्यानं सांगे. "मले समजलं नाही!" असं दुकानभर ऐकू जाईल असं. मग कागदाची चिठ्ठी फाडून त्याच्यावर लिही, 'समजलं नाही, सोमवार', आणि मशीनवर चिकटवून दे. दुसऱ्या दिवशी 'समजलं नाही, मंगळवार'. नवीन गिऱ्हाईक ते वाचून उलट्या पावली परत जाई. मी असा माणूस पाहिला नव्हता. आमच्याकडं ज्याले येत नाही तो आवाज चढवते. मी स्वतः जन्मभर तेच केलं.

आता मी त्याच्याकडं कायले गेलतो ते सांगतो.

माझ्या घरच्या मंडळीले, अनसूयाले, सगळा तालुका गाण्यासाठी ओळखे. कोणाचंही लग्न असो, हळदीच्या गाण्याले तिले बोलावणं. व्याह्याच्या मिशीवर, व्याहिणीच्या चालीवर, नवरदेवाच्या मावशीच्या नाकावर ती उभ्या उभ्या गाणं जोडे. बाया हसून हसून लोळत अन् व्याही आमच्याकडं पाहत, की हिचा नवरा कोणता. मग तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरले ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. सहा वर्षं झाली होती. घरात भांड्याचा आवाज होये, तिचा नाही.

आमची नात रोशनी, पोराची पोरगी, तिचं लग्न ठरलं. घरात एक कॅसेट होती, माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातली, तीस-बत्तीस वर्षांमागची. कोणी तरी हळदीले टेप चालू ठेवला होता. पाऊण घंट्याची एक बाजू, पुरी अनसूयाची गाणी. माझ्या मनात आलं, रोशनीच्या हळदीले आजीच गाईल.

रोशनी यवतमाळले नोकरीवर. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मले दिला. टेपमधून एक वायर लॅपटॉपात टाकून दिली. लाल गोल दिसते, त्याच्यावर दाबलं की आवाज आत जाते, एवढं शिकवलं. मशीन मधातच झोपू नये म्हणून तिनं आत कुठं तरी 'कधीच नाही' असं करून ठेवलं. म्हणे, "आबाजी, रविवारी मीच करून देते ना."

"तुझ्या हळदीचं काम तू करशील? मी करतो."

म्हणलं ना म्हणलं, आता मागं कसं फिरायचं?

पहिल्या दिवशी कॅसेट लावली, लाल गोल दाबला आणि बाहेर अंगणात जाऊन बसलो. खोलीत नाही बसलो. टेपचा आवाज पुरा बारीक केलता, अनसूयाले ऐकू जाऊ नये म्हणून. पण बारीक आवाजातही मले ते ऐकवत नव्हतं, असं म्हणा. पाऊण घंट्यानं आत गेलो तर कॅसेट संपलेली आणि लॅपटॉप काळा. दाबला तर उठला. पाहतो तर दोन मिनिटांचाच आवाज आत गेलता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दर वेळी कॅसेट पुरी फिरे, अन् हाती दोन मिनिटं.

म्हणून हबीबभाई. लग्नाले तवा अकरा दिवस होते.

त्यानं आधी कॅसेट पाहिली. जुना टेपवालाच तो. उजेडात धरली, वास घेतला, मग माझ्या टेपच्या तोंडात कापूस फिरवला. कापूस तपकिरी निघाला.

"हे काय?"

"हे भाभीचा आवाज हाये काकाजी. घासून घासून निघून राह्यला. आता ही फीत दोन खेपा चालेल, लई झालं तीन. मशीन ठीक होईस्तोवर हिले हात लावू नका."

मी कॅसेट उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"आता सांगा, मशीन बंद होते की झोपते?"

"त्याच्यात काय फरक?"

"मेलेल्यात आनि झोपलेल्यात काय फरक हाये?"

"झोपते. दाबलं की उठते."

"तुम्ही जवळ असल्यावर, की उठून गेल्यावर?"

"गेल्यावर."

"जाताना काही दाबता का?"

"नाही."

"कोनतंच बटन?"

"मी काय लेकरू आहो का, भाऊ?"

इथं मी खोटं बोललो. तवा मले ते खोटं वाटलं नव्हतं, हेही सांगतो. रोशनीनं मले दोन बटनं एकदम दाबायले शिकवली होती, की पडद्याले कुलूप लागते अन् कोणी हात लावला तरी आत काही बिघडत नाही. ते मले लगेच आवडलं होतं. मी उठलो की कुलूप लावतो. जेवायले उठलो तरी. एकतीस वर्षांची सवय. कुलूप लावणं म्हणजे काही मशीनले छेडणं नाही ना? उलट राखणंच आहे. त्यातून त्यानं बटनाचं इचारलं ते मले असं लागलं, की चौथी नापास माणसानं उगाच बोटं घातली असतील. म्हणून 'नाही' म्हणलं. आणि एकदा 'नाही' म्हणलं की माझं नाहीच राहते.

त्यानं मशीन दिवसभर दुकानात चालू ठेवली. कुलूप कोण लावणार? झोपली नाही. सांजच्याले मी गेलो तर चिठ्ठी लागली होती, 'समजलं नाही, सोमवार'.

"इथं जागी राहते, तुमच्या घरी झोपते. घरची लाइन कमीजास्त होत असेल. आज फक्त चार्जर बदलून देतो. बाकी काही नाही बदलायचं."

"सगळंच बदलून टाका ना एकदम."

"एका दिवशी एक. दोन गोष्टी बदलल्या अन् ठीक झाली, तर कोनच्यानं झाली हे मले कोन सांगीन? आनि फीत नका लावू. नुसतीच चालवा."

नुसती चालवली. कुलूप लावलं. झोपली.

मंगळवारी त्यानं गाल लावून ताप पाहिला, आतली धूळ काढली. झोपली. बुधवारी म्हणे, टेपच्या स्पीकरात चुंबक राहते, ते जवळ असलं तर मशीनले वाटते झाकण लावलं. टेप चार हात दूर ठेवा. ठेवला. झोपली. आणि दर वेळी तो इचारे, "काकाजी, काही दाबलं तर नव्हतं?" मी म्हणे, "नाही म्हणलं ना एकदा." तीन दिवसांत तीन वेळा इचारलं. चौथ्यांदा इचारलं असतं तर मी भांडलो असतो.

बुधवारी मी चिडून बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथं सूतगिरणीतला एक बाबू रोज सकाळ-संध्याकाळ बसे. त्याच्यासमोर, पाच-सहा जणांसमोर मी म्हणलं, "तो हबीब. त्याले काही येत नाही. चार-चार दिवस मशीन ठेवते अन् वरून स्वतःच लिहून देते, समजलं नाही!" लोक हसले. मीही हसलो. बरं वाटलं.

गुरुवारी दुकानात गेलो तर डब्यातल्या दोन वाट्या रिकाम्या.

"दोन मशीन झाल्या वाटते," मी म्हणलं.

"नाही झाल्या. सूतगिरणीच्या बाबूच्या होत्या. उठवून घेऊन गेला. अर्ध्यातून." तो रिकाम्या वाटीत बोट फिरवत होता. "काहून नेल्या, समजलं नाही."

मले समजलं होतं. मी पडद्यावर पाणी मारायचा मग्गा उचलला अन् उगाच पाणी मारलं.

त्या दिवशी तो म्हणे, "आता मले तुमच्या घरी येऊ द्या." कोणाच्या घरी तो जात नसे. आमच्या गावची बस अर्ध्या घंट्याची. आला. अनसूयानं पाणी आणलं. तिच्याशी लोक दोन तऱ्हेनं बोलतात. काही मोठ्यानं बोलतात, जशी ती बहिरी आहे. काही बोलतच नाहीत. हा म्हणे, "भाभी, चाय चालेल, साखर नको, शुगर हाये." आणि ती काय म्हणते त्याची वाट पाहत थांबला. अनसूयानं बोटं हलवली, भुवई वर केली, दाराकडं हात दाखवला.

"नाही, नाही, घरून जेवून आलो," हबीबभाई म्हणे.

मी दोघांकडं पाहत राहिलो. ती जेवायचं इचारून राह्यली हे मले समजलं नव्हतं. मले वाटलं, ती त्याले दार लावून घ्या म्हणते.

मग तो खोलीत कोपऱ्यात पाटावर बसला. "तुम्ही रोज करता तसं करा. मी नाहीच समजा."

मी लाल गोल दाबला. कॅसेट नव्हती, नुसतंच. उठलो. आणि हात आपोआप गेला. एकतीस वर्षांचा हात.

"काकाजी. हे काय केलं?"

"कुठं काय?"

"आत्ता. दोन बोटं."

"ते होय? ते कुलूप आहे."

"कुलूप."

"मग? उघडं टाकून जाऊ?"

मले वाटलं आता तो मले बोलते. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तुम्ही बटन इचारलं, कुलूप कुठं इचारलं. पण त्यानं हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणे, "चूप बसा."

दोन मिनिटं झाली अन् पडदा गेला, मशीन झोपली. त्यानं उठवली, मले कुलूप लावायले सांगतलं. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा लावलं. पुन्हा दोन. अनसूया चहा घेऊन दारात उभी राहून पाहत होती, दोन बुढे एका काळ्या पडद्यासमोर चूप बसलेले.

"बिमारी असती तर कवा दीड मिनिट, कवा पाच," तो म्हणे. "हे दर खेपेले बरोबर दोन. ही बिमारी नाही काकाजी. हा हुकूम हाये. कोनी तरी हिले सांगतलं हाये की कुलूप लागलं, मालक गेला, दोन मिनिटं वाट पाय अन् झोप."

"रोशनीनं तर 'कधीच नाही' केलं होतं."

"ते मालक घरात असतानाचं. घराले कुलूप लावल्यावरचा हुकूम वेगळा असन. आनि तो कुठं लिहिला हाये..." त्यानं आत सगळं फिरून पाहिलं. "मले समजलं नाही!"

चहा पिऊन गेला. जाताना एवढंच म्हणे, "तीन खेपा इचारलं होतं तुम्हाले."

शनिवारी सकाळीच पुन्हा आला. शुक्रवारी जुम्म्याचा नमाज सोडून बाकी सगळा दिवस त्यानं हाच हुकूम शोधला होता, दुकान अर्धं बंद ठेवून. एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांची लांब ओळ हातानं उतरवून आणली होती. तो हुकूम मशीनमध्ये लपवून ठेवलेला राहते, म्हणे. ही ओळ लिहिली की उघडा पडते. एक-एक अक्षर पाहून त्यानं ती ठोकली. मग एका जागी बोट ठेवून मले दाखवलं. आकडा मले वाचता येते. दोन होता.

"हे पाहा. इथं बसला होता."

त्यानं दोनचा शून्य केला. "शून्य म्हणजे झोपायचंच नाही. लावा तुमचं कुलूप."

मी लावलं. पाच मिनिटं. दहा. वीस. पाऊण घंटा. वरचा पडदा काळा झाला, पण आत जागी होती. मी उड्या मारायचाच बाकी होतो. म्हणलं, "लावू का कॅसेट?"

"आज नाही. आज एक बदल झाला. उद्या दुसरी कोनती बी कॅसेट लावून पाहा. परवा भाभीची."

लग्न सहा दिवसांवर होतं आणि हा परवा म्हणते. पण या खेपेले मी ऐकलं. रविवारी जुनी एक भजनाची कॅसेट लावली, चालली. सोमवारी अनसूयाची लावली, लाल गोल दाबला, कुलूप लावलं आणि अंगणात गेलो. पाऊण घंट्यानं आलो. पुरा आवाज आत होता. शेवटी शेवटी फीत किंचाळत होती, पण होता. कॅसेट काढायले गेलो तर फीत टेपच्या चाकाले गुंडाळून तुटली. माझ्या हातातच तुकडा आला.

हळदीच्या दिवशी मांडवात दोन भोंगे लावले होते. हबीबभाईले मी बोलावलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. रोशनी पाटावर, बाया सगळ्या हळद घेऊन बसलेल्या, आणि गाणं कोणाले येत नाही. नवीन पोरी मोबाइल पाहून दोन ओळी म्हणत अन् अडत. तवा मी लावलं. लावलं आणि कुलूप लावून बाजूले झालो.

भोंग्यातून अनसूया आली. बत्तीस वर्षांमागची जवान, व्याह्याच्या मिशीवर. म्हाताऱ्या बायांनी एकदम माना वर केल्या. पाहुण्यांतली एक बुढी ओरडली, "अवं, अनसूयाच हाये नं वं ही!" आणि मागून सगळ्या बायांनी गाणं उचललं. अनसूया रोशनीजवळ बसली होती. हातात हळदीची वाटी. ती हलली नाही, रडली नाही, हसली नाही. तिची नजर मले हुडकत होती. तिले काय म्हणायचं होतं, राग होता की दुसरं काही, मले कळलं नाही. मी खांबामागं गेलो.

तिथून मले हबीबभाई दिसला. मांडवाच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, पांढरी टोपी, धुतलेला सदरा. तो ना रोशनीकडं पाहत होता ना अनसूयाकडं. हातातल्या घड्याळाकडं पाहत होता. दोन मिनिटं झाली. तीन झाली. भोंगा चालूच. तवा त्यानं घड्याळावर बाही ओढली, मान वर केली आणि गाणं ऐकू लागला. एका ठिकाणी अनसूयानं व्याहिणीची काही तरी फजिती केली, तर तो एकटाच मोठ्यानं हसला, तोंडावर हात ठेवून. जेवायले हाक मारली तर हातानंच नको म्हणे. मग गेला. पुढं वर्षभरात शुगरनं त्याची किडनी खाल्ली. मधात दोन-चारदा भेटला असन, पण डोळ्यापुढं येते तो लिंबाखालचाच.

त्याले तसा गाणं ऐकताना पाहून त्या दिवशी मले जेवण गेलं नाही. त्यानं तीन खेपा इचारलं होतं ते आठवे, आणि 'काहून नेल्या, समजलं नाही' म्हणून बोट फिरवत होता ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात लग्नाची घाई, मी पहिल्या बसनं वणीले गेलो. टपरीवर बाबू बसला होता. दुसरे तिघं-चौघं होते. मी बसलो नाही. उभ्यानं म्हणलं, "बाबू, मी त्या दिवशी हबीबबद्दल बोललो ते खोटं होतं. त्यानं मले इचारलं अन् मीच सांगतलं नाही. मशीन माझ्यानं झोपत होती. त्यानं हुडकून काढलं."

बाबू बशीतला चहा फुंकत होता. "बरं बरं काकाजी. बसा, चाय घ्या."

"चाय नको. तू मशीन परत दे त्याले."

"अहो, त्या दुसरीकडं दिल्या मी. चार दिवस झाले. तिथंही पडूनच हायेत."

"कुठं?"

"यवतमाळ रोडले."

"मग चाल, आणू."

"आत्ता? घरी नातीचं लगन हाये ना तुमच्या?"

"दुपारचं आहे."

तो हसला, बाकीच्यांकडं पाहिलं, म्हणे हे बुढं सरकलं. मी त्याच्या मोटरसायकलजवळ गेलो, धोतर वर खोचलं आणि मागच्या सीटवर चढून बसलो. तो चहा संपवून येईस्तोवर बसून राहिलो.